ईसीजी : दहा सेकंदांच्या रेघेत काय दिसतं

ईसीजी काढताना सहसा कुणी घाबरत नाही. घाबरगुंडी उडते ती कागद हातात आल्यावर. बारीक चौकटींवरच्या त्या नागमोडी रेघांतलं आपल्याला काही कळत नाही, पण वर इंग्रजीत छापलेल्या दोन ओळी मात्र वाचता येतात. 'ॲबनॉर्मल ईसीजी', नाहीतर 'नॉनस्पेसिफिक टी वेव्ह ॲबनॉर्मॅलिटी'. डॉक्टरांकडे आपला नंबर लागायला अजून पाऊण तास असतो. तेवढ्यात माणूस मोबाइलवर तो शब्द शोधतो आणि मनातल्या मनात मृत्युपत्राचा मसुदा तयार करून बसतो.

मीही हे केलं आहे. माझ्या एका ईसीजीवर यंत्राने चक्क अशी शंका काढली होती की माझं हृदय छातीत उजवीकडे असावं. टेक्निशियनने कागदाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, 'अरेच्चा' म्हणत दोन्ही मनगटांवरचे चिमटे एकमेकांच्या जागी लावले आणि पुन्हा बटण दाबलं. दुसऱ्या कागदावर हृदय आपलं डावीकडे, जागच्या जागी. डाव्या-उजव्या हाताच्या वायरी उलट लागल्या की असं होतं, आणि ही चूक काही फार दुर्मिळ नाही. मला मात्र त्यातून एक गोष्ट पक्की कळली : वरच्या त्या दोन ओळी यंत्र लिहितं. त्याला तुमचं वय आणि लिंग माहीत असतं, तेही कुणी नीट भरलं असेल तर. तुम्हाला काय होतंय हे त्याला माहीत नसतं. म्हणून त्याच कागदावर कुठेतरी 'अनकन्फर्म्ड' असंही छापलेलं असतं, म्हणजे अजून कुणा डॉक्टरने हे पाहिलेलं नाही. तो शब्द वाचायचा राहून जातो.

मग या रेघा नेमक्या कशाच्या?

हृदय हा पंप आहे हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. पण पंपाचा स्नायू आपोआप आवळत नाही. त्याला आधी विजेचा इशारा लागतो. तो इशारा उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्याशा पेशीसमूहातून निघतो. त्याला सायनस नोड म्हणतात. तिथून वीज दोन्ही वरच्या कप्प्यांत पसरते, मग वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या एव्ही नोडपाशी साधारण सेकंदाचा दहावा भाग थबकते. हे थबकणं फार कामाचं असतं, कारण तेवढ्या वेळात वरचे कप्पे आपलं रक्त खाली रिकामं करतात. त्यानंतर मात्र वीज विशिष्ट तंतूंवरून भरधाव निघते आणि खालचे दोन्ही मोठे कप्पे जवळजवळ एकाच क्षणी आवळले जातात. ईसीजी टिपतो तो हा विजेचा प्रवास. पंप किती जोरात रक्त ढकलतोय हे तो मोजत नाही. हा फरक पुढे फार उपयोगी पडणार आहे.

ही वीज त्वचेपर्यंत पोचते तेव्हा ती जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास असते. भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलचा दीड हजारावा भाग म्हणा. एवढा क्षीण इशारा बाहेरून पकडायचा म्हणजे खटाटोपच होता. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाची अशी पहिली नोंद घेतली. प्रात्यक्षिकासाठी ते आपला जिमी नावाचा बुलडॉग घेऊन यायचे आणि त्याचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून त्याला उभं करायचे. कुत्र्याचा छळ होतो की काय, असा प्रश्न पुढे ब्रिटिश संसदेत विचारला गेला. सरकारतर्फे उत्तर आलं ते साधारण असं, की समुद्राच्या पाण्यात पाय बुडवून उभं राहिल्यावर जे वाटतं, तेच त्या कुत्र्याला वाटत असेल. 'ईसीजीने शॉक बसतो का?' असं आजही कुणी विचारलं तर मला जिमी आठवतो. शॉक बसत नाही. यंत्र शरीरात वीज सोडत नाही, शरीरातली वीज फक्त ऐकतं. त्यात क्ष-किरणही नसतात, त्यामुळे गरोदर बाईचा, तान्ह्या बाळाचा, कुणाचाही ईसीजी कितीही वेळा काढला तरी अपाय नाही.

या नोंदीला दवाखान्यात वापरण्याजोगं रूप दिलं ते नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यांचं यंत्र सुमारे २७० किलो वजनाचं होतं, ते चालवायला पाच माणसं लागत, आणि रुग्णाला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. एवढं धूड इस्पितळात नेणं शक्य नव्हतं, म्हणून १९०५ साली त्यांनी रुग्णाला इस्पितळातच ठेवून त्याच्या हृदयाचे संदेश टेलिफोनच्या तारेवरून सुमारे दीड किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत आणले. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. कागदावरच्या उंचवट्यांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं त्यांचीच. डॉक्टर 'तुमची टी उलटी आहे' म्हणतात, ती हीच टी.

आता टेबलावर आडवे होऊ. मनगटांवर आणि घोट्यांवर मिळून चार, छातीवर सहा, अशा दहा वायरी लागतात. तरी कागदावर चित्रं बारा असतात. हा हिशेब न जुळल्यामुळे बरेच जण गोंधळतात. 'लीड' म्हणजे वायर, असं आपण धरून चालतो. ईसीजीच्या भाषेत लीड म्हणजे बघण्याची जागा. त्याच दहा वायरींच्या वेगवेगळ्या जोड्या जुळवून यंत्र हृदयाकडे बारा कोनांतून बघतं. वीज त्या कोनाच्या दिशेने येत असली तर रेघ वर जाते, पाठ फिरवून निघाली असली तर खाली. म्हणून 'एव्हीआर' नावाच्या चौकटीत सगळंच उलटं दिसतं. ती उजव्या खांद्याच्या बाजूने बघते, आणि हृदयातली वीज एकंदरीत खाली आणि डावीकडे जाते. तिथली उलटी रेघ बघून धास्तावू नका, तिथे ती सुलटी असती तर काळजी. (उजव्या पायाची वायर कुठल्याच चित्रात भाग घेत नाही, बाहेरच्या विजेची खरखर कमी करण्यासाठी ती लावतात.)

बारा कोन हवेत कशाला, तर कुठल्या भिंतीला त्रास आहे ते कळावं म्हणून. 'लीड दोन', 'लीड तीन' आणि 'एव्हीएफ' या चौकटी हृदयाची खालची बाजू बघतात. छातीवरच्या व्ही-एक ते व्ही-चार समोरची, आणि व्ही-पाच, व्ही-सहा, 'लीड एक' व 'एव्हीएल' डावी कड. एकाच भिंतीकडे बघणाऱ्या दोन-तीन शेजारच्या चौकटींत सारखाच बदल दिसला, तर डॉक्टर खुर्चीत सावरून बसतात. एखाद्याच चौकटीत काहीतरी वेडंवाकडं असेल तर आधी तिथली वायर नीट चिकटली आहे का ते बघतात.

कागदाच्या तळाशी बहुतेक वेळा एक लांब अखंड पट्टी असते. घरी बघायची तर हीच बघा. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यामुळे एक बारीक चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, आणि पाच बारीक मिळून होणारी ठळक रेषांची मोठी चौकट म्हणजे ०.२ सेकंद. उंचीला १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. हे आकडे कागदाच्या कडेला छापलेले असतात, एकदा खात्री करून घ्या.

आता त्या पट्टीवरून बोट फिरवा. सुरुवातीला सपाट रेघ. मग एक छोटा, गोलसर उंचवटा येतो, पी. वरच्या कप्प्यांत वीज पसरली. पुन्हा थोडी सपाट जागा. एव्ही नोडपाशी वीज थबकली आहे ती हीच. पी सुरू झाल्यापासून पुढचा सुळका सुरू होईपर्यंत तीन ते पाच बारीक चौकटी भरल्या तर ठीक. मग एकदम उंच, टोकदार सुळका, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे खाली उतरणारे छोटे दात. हा सगळा मिळून क्यूआरएस, म्हणजे खालच्या मोठ्या कप्प्यांना मिळालेला इशारा. हा अरुंद हवा, तीन बारीक चौकटींच्या आत. रुंद झाला तर वीज हमरस्ता सोडून आडवाटेने गेली असं समजायचं. त्यानंतर एक सपाट तुकडा, एसटी. आणि मग टी, पसरट टेकडीसारखी; पुढच्या ठोक्यासाठी स्नायू विजेच्या दृष्टीने पूर्वपदावर येतायत. झाला एक ठोका. या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही.

यातला सर्वांत मोलाचा तुकडा विचाराल तर तो सपाट एसटी. दिसायला काहीच नाही. पण हृदयाच्या भिंतीचा रक्तपुरवठा अचानक पूर्ण तुटतो तेव्हा हाच तुकडा मूळ पातळी सोडून वर उचलला जातो, आणि रक्तवाहिनी तातडीने उघडायची धावपळ बऱ्याचदा त्याच्यावरूनच सुरू होते. छातीत दुखतंय म्हणून इस्पितळात आलेल्या माणसाचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत काढून डॉक्टरने बघावा, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे तो यासाठीच.

ठोक्यांचा वेग स्वतः काढायचा असेल तर दोन सुळक्यांमधल्या मोठ्या चौकटी मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. चार चौकटी असतील तर मिनिटाला ७५. तीन असतील तर १००, सहा असतील तर ५०. ठोके अनियमित असतील तर ही युक्ती फसते. मग दहा सेकंदांच्या अख्ख्या पट्टीतले सुळके मोजून सहाने गुणायचं.

इथे थांबा. यापुढे स्वतःच्या ईसीजीचं निदान घरी करू नये, हे मी बोधामृत म्हणून सांगत नाही. एकाच आकाराची टी एका माणसात आजाराची खूण असते आणि दुसऱ्यात जन्मापासूनची ठेवण. फरक कळायला समोरचा माणूस बघावा लागतो, त्याला विचारावं लागतं.

पण वरच्या इंग्रजी ओळींचा अर्थ माहीत असायला हरकत नाही. 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम' म्हणजे ठोका जिथून निघायला हवा तिथूनच निघतोय आणि वेग ६० ते १०० च्या दरम्यान आहे. वेग ६० च्या खाली गेला की यंत्र 'सायनस ब्रॅडीकार्डिया' छापतं, मग तो माणूस रोज दहा किलोमीटर पळणारा असो, ठोके सावकाश करणारी बीटा ब्लॉकरची गोळी घेणारा असो, की चक्कर येऊन पडलेला. तिघांना एकच शब्द, अर्थ तीन. 'सायनस ऱ्हिदम विथ सायनस ॲऱ्हिदमिया' हे तरुण मुलांच्या कागदावर दिसतं आणि आईबाप हवालदिल होतात. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद, सोडताना किंचित सावकाश, एवढाच त्याचा अर्थ, आणि निरोगी तरुण हृदय असंच चालतं.

'नॉनस्पेसिफिक एसटी-टी चेंजेस' हा सगळ्यात बदनाम शब्दप्रयोग. खरं तर त्यात यंत्राने कबुली दिलेली असते की काहीतरी किंचित वेगळं आहे, पण ते कशामुळे हे सांगता येत नाही. रक्तातलं पोटॅशियम कमी-जास्त झालेलं असू शकतं, एखादं औषध असू शकतं, रक्तदाब, रक्तपुरवठा किंवा काहीच नाही. 'राइट बंडल ब्रँच ब्लॉक' यातल्या 'ब्लॉक' शब्दाने तर कहर केला आहे. लोकांना वाटतं रक्तवाहिनी तुंबली. हा ब्लॉक विजेच्या उजव्या फांदीतला आहे, रक्ताशी त्याचा थेट संबंध नाही, आणि एरवी धडधाकट माणसांतही तो सापडतो. डावीकडचा, म्हणजे 'लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक', मात्र जास्त गांभीर्याने घेतात. तो नव्याने सापडला तर हृदयाची पुढची तपासणी बहुधा होतेच. 'एलव्हीएच' म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याचा स्नायू जाड झाला असावा असा अंदाज. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने ते होतं. पण सडपातळ तरुणाच्या छातीवर वायरी हृदयाच्या जवळ पडतात, सुळके उंच येतात, आणि यंत्र फसतं. खात्री करायची तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी.

'एट्रियल फिब्रिलेशन' हा शब्द आला तर मात्र 'यंत्र काय, काहीही छापतं' म्हणून सोडून देऊ नका. यात वरचे कप्पे नुसते थरथरतात, पी दिसेनाशी होते आणि सुळके वाटेल तसे, अनियमित येतात. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. कित्येकांना याचं एकही लक्षण जाणवत नाही. दुसऱ्याच कशासाठी काढलेल्या ईसीजीत ते सापडतं.

मघाचा तो फरक आता आठवा. ईसीजी वीज दाखवतो. रक्तवाहिनी किती अरुंद झाली आहे हे तो दाखवत नाही. एखाद्या वाहिनीत बराच अडथळा असूनही, माणूस शांत पडलेला असताना, ईसीजी अगदी देखणा येऊ शकतो, कारण विश्रांतीत हृदयाला तेवढं रक्त पुरतं. म्हणून चालत्या पट्ट्यावर पळवून स्ट्रेस टेस्ट करतात. झडपा गळतायत का, पंप किती जोमाने चालतोय, हे इकोत दिसतं. आणि कधीमधी होणारी धडधड? दिवसात ८६,४०० सेकंद असतात, त्यातले दहा आपण टिपले. धडधड नेमकी त्या दहात व्हायला हवी, असा नशिबाचा खेळ आहे. त्यासाठी होल्टर, म्हणजे एक-दोन दिवस अंगावर बाळगायचं छोटं यंत्र. ते लावल्यावर धडधड झाली की वेळ लिहून ठेवायची, नाहीतर निम्मी मेहनत वाया.

यातून निघणारी एक गोष्ट मी ठासून सांगेन. छातीत दडपण, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप, यातलं काही चालू असताना 'गेल्या महिन्यात ईसीजी नॉर्मल होता' याला काही किंमत नाही. त्या क्षणी काढलेला पहिला ईसीजीही नॉर्मल येऊ शकतो. हार्ट ॲटॅकच्या सुरुवातीला असं होतं, म्हणून इस्पितळात थोड्या थोड्या वेळाने पुन्हा ईसीजी काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन तपासतात. 'एकदा झाला की ईसीजी, परत कशाला?' असं म्हणून उठून जाऊ नका.

मनगटावरच्या घड्याळातल्या ईसीजीबद्दल हल्ली फार विचारलं जातं. ॲपलच्या घड्याळाला २०१८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यासाठी परवानगी दिली आणि नंतर इतरही आले. तो बारापैकी एकच कोन आहे, साधारण 'लीड एक'. एट्रियल फिब्रिलेशन पकडायला चांगला. धडधड होत असताना लगेच काढता येतो, हा तर मोठा फायदा. पण हार्ट ॲटॅक ओळखणं हे त्याचं काम नाही, आणि तसं ते घड्याळ स्वतःच सांगतं.

तपासणीला जाताना छातीला, हातापायांना तेल किंवा क्रीम लावू नका, चिकटपट्ट्या सुटतात. छातीवर दाट केस असतील तर टेक्निशियन तेवढ्या जागेचे काढू शकतो. बायकांनी वरचे कपडे पुढून उघडणारे घातले तर सोपं जातं. काही वायरी स्तनाखाली लावाव्या लागतात. स्त्री टेक्निशियन हवी असेल किंवा वर चादर हवी असेल तर आधीच सांगावं, त्यात संकोच नको. खोली गार असेल आणि अंग थरथरत असेल तर तेही बोला. थरथर कागदावर बारीक काटेरी केसांसारखी उमटते आणि पी त्यात हरवून जाते. बोलू नका, हाताच्या मुठी सैल सोडा, श्वास नेहमीसारखा घ्या. चालू औषधांची यादी बरोबर असू द्या, कारण काही औषधांनी, अगदी काही अँटिबायोटिक्सनीही, क्यूटी नावाचं अंतर (क्यूआरएसच्या सुरुवातीपासून टी संपेपर्यंतचं) लांबतं आणि डॉक्टरांना ते मुद्दाम मोजायचं असतं.

डॉक्टरांपुढे बसल्यावर एकच प्रश्न विचारायचा झाला तर 'नॉर्मल आहे ना?' यापेक्षा 'आधीच्यापेक्षा काही बदललंय का?' हा विचारा. पंधरा वर्षं उलटी असलेली टी आणि काल उलटी झालेली टी, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि तो जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी जुना कागद हवा, आणि तो वाचता यायला हवा. ईसीजी बऱ्याचदा उष्णतेने छापणाऱ्या थर्मल कागदावर येतो, आणि तो कागद फिकट होत जातो. काही वर्षांनी फाइल उघडावी तर आत नुसता पिवळट कागद आणि वर आपलं नाव. म्हणून घरी आल्या आल्या, चौकटी स्पष्ट दिसतील असा त्याचा फोटो काढा किंवा झेरॉक्स करून घ्या. आणि कडेला पेनाने लिहून ठेवा : तारीख, कुठल्या गोळ्या चालू होत्या, आणि काढला तेव्हा छातीत दुखत होतं की नव्हतं.